"फक्त कोरसमध्ये आहे"

तिसरी_घंटा

माझी भाची अमेरिकेतच वाढली. गाणं शिकली, म्हणजे त्यांचं गाणं, त्यातच मास्टर्स केलं. मग तीन वर्षं ऑडिशना आणि मधल्या वेळात कॉफीच्या दुकानात काम. गेल्या महिन्यात एका म्युझिकलच्या दौऱ्यावर लागली. घरात पेढे वाटले. पण परवा ताईकडे बसलो असताना कुणाचातरी फोन आला आणि ताई म्हणाली, "हो हो, लागली ना. पण फक्त कोरसमध्ये आहे." त्या 'फक्त'नंतर ती जराशी थांबली. ते थांबणं काही माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं २००९ सालचं 'तुरांदोत' बघत होतो (ही सवय मला मुंबईच्या एनसीपीए नाट्यगृहातल्या पडद्यावरच्या खेळांनी लावली). दुसऱ्या अंकात पार मागे, उंचावर, एक म्हातारा बादशहा बसलेला असतो. राजकन्येचा बाप. वाट्याला मोजक्या ओळी. आवाज थकलेला, कापरा, आणि तिथे तसाच शोभतो. नाव शोधलं : चार्ल्स अँथनी, तेव्हा वय ८०. मेटमध्ये पहिल्यांदा उभे राहिले १९५४ साली, 'बोरिस गोदुनोव'मधल्या भोळ्या वेड्याच्या भूमिकेत. शेवटचा प्रयोग जानेवारी २०१०, हाच बादशहा. एकूण २,९२८ प्रयोग! मेटमध्ये एवढे प्रयोग दुसऱ्या कुठल्याच एकल गायकाचे नाहीत. आणि यातल्या किती प्रयोगांना लोक त्यांचं नाव वाचून आले असतील?

तर प्रश्न असा : आयुष्यभर मागे किंवा बाजूला उभं राहून गाणं, याला त्या जगात काय समजतात? नोकरी, की हुकलेली गाडी? जाणकारांनी लिहावं. ताईला वाचायला देणार आहे.


खवचट_खंडू

हुकलेली गाडीच. कुठलंही पोर आरशासमोर उभं राहून "मोठेपणी मी डावीकडून चौथा शिपाई होणार" म्हणत नाही.


हडसनकाठचा

खंडूशेठ, आरशासमोर कुणी "मी ऑडिटर होणार" असंही म्हणत नाही. तुम्ही झालातच ना?

मी गेली अठरा वर्षं मेटला सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्वस्तातल्या खुर्चीत बसणारा माणूस. तिथून नायिकेचा चेहरा दिसत नाही, पण कोरस अख्खा दिसतो. त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे, हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, दोन वेगळे पेशे आहेत, ते एकत्र करू नका. चार्ल्स अँथनी कोरसमध्ये नव्हते. ते 'कॉम्प्रिमारिओ', म्हणजे मुख्य गायकाच्या सोबतचा. 'तोस्का'तला पोलिसांचा हस्तक स्पोलेत्ता, 'मादाम बटरफ्लाय'मधला लग्नं जुळवणारा गोरो, 'ला बोहेम'मधला भाडं मागायला येणारा घरमालक. या घरमालकाची गंमत म्हणजे दुसऱ्या अंकात ज्या श्रीमंत म्हाताऱ्याच्या गळ्यात हॉटेलचं बिल पडतं, तोही बहुतेक वेळा हाच गायक असतो. टोप बदलायचा आणि यायचं. चार वाक्यं असतात, पण ती संभाषणात टाकलेली, वाद्यवृंद धावत असताना. मोठ्या आरियात (एकट्याच्या गाण्यात) गायक जरा रेंगाळला तर कंडक्टर त्याच्यासाठी थांबतो. गोरोसाठी कुणी थांबत नाही.

अवांतर : अँथनी यांचं खरं आडनाव कारुसो! न्यू ऑर्लिन्सचा हा मुलगा टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष) म्हणून मेटमध्ये आला, तर तिथले सर्वेसर्वा रुडॉल्फ बिंग यांनी आडनाव गाळायला सांगितलं. एन्रिको कारुसो हा मेटचा दंतकथा झालेला टेनर, तेव्हा तिथे कारुसो नावाचा टेनर म्हटल्यावर लोक काय ऐकायला येतील, ते उघड आहे. छप्पन वर्षांच्या कारकिर्दीची सुरुवातच स्वतःचं आडनाव दाराबाहेर ठेवून झाली.

आता कोरस. मेटमध्ये कायम नोकरीवरचे साधारण ८० गायक आहेत, मोठ्या ऑपेरांना वरून जादा माणसं घेतात. तिथे एकच नाटक महिनाभर लावत नाहीत. आज 'आयदा', उद्या 'ला बोहेम', परवा तिसरंच. शनिवारी दुपारी एक ऑपेरा आणि रात्री दुसरा. म्हणजे कोरसवाल्याने सकाळी तालमीत रशियन गायचं, रात्री इटालियनमध्ये इजिप्तचा पुजारी व्हायचं, आणि पुढच्या महिन्यातलं चेक भाषेतलं पाठांतर घरी जाताना गाडीत. सगळं तोंडपाठ. हातात कागद नाही.

पगार? २०१४ साली तिथे कराराचा मोठा वाद झाला. तेव्हा व्यवस्थापनाने स्वतःच जाहीर केलं की कायम कोरसवाल्याला ओव्हरटाइम धरून वर्षाला सरासरी २ लाख डॉलर पडतात, वर साधारण लाखाचे इतर लाभ. युनियनचं उत्तर असं, की हा आकडा फुगतो तो तासांमुळे. तास मोजा, मग बोला. दोन्ही बाजू खऱ्या असाव्यात. ताईंना आधी एवढाच परिच्छेद वाचून दाखवा.

पण त्याच नोकरीत मार्च २०२० आला. थिएटर बंद झालं आणि एप्रिलपासून कोरस आणि वाद्यवृंद, दोघांचाही पगार थांबला. विमा चालू, पगार शून्य. कित्येकांनी न्यूयॉर्क सोडलं. सप्टेंबर २०२१ मध्ये इटालियन संगीतकार व्हर्दीच्या 'रेक्विएम'ने दार उघडलं, तेव्हा मी वर बसून गायकांच्या रांगा मोजत होतो. गाण्याकडे लक्षच नव्हतं.


चिंगी_सदाशिव

वाचतेय. भारी धागा.


खवचट_खंडू

@हडसनकाठचा, २ लाख डॉलर मिळत असतील तर मी चौथा शिपाई व्हायला तयार आहे. ऑडिटच्या सीझननंतर.

पण गंमत सोडा. तो पगार जगातल्या एका थिएटरातला. बाकीच्या ठिकाणचं काय? आणि मूळ मुद्दा तसाच आहे. आवाज खरंच चांगला असता तर ती पुढे नसती का?


ऱ्हाईनवरची_मंदा

खंडू, हा 'आवाज चांगला असता तर' प्रकार जर्मनीत चालत नाही. का ते सांगते.

इथे गावोगाव सरकारी पैशावर चालणारी नाट्यगृहं आहेत, आणि ऑपेरा करणारी ऐंशीच्या आसपास. सोलिस्टही (एकल गायक) नोकरीला असतात, पण त्यांचा करार वर्षावर्षाने वाढतो. पुढच्या हंगामात नको असाल तर साधारण ३१ ऑक्टोबरपर्यंत तसं पत्र येतं. म्हणून इथल्या तरुण सोप्रानोला (उंच पट्टीच्या गायिकेला) शरद ऋतू विचारू नका. सलग १५ वर्षं झाली की मात्र असं पत्र देता येत नाही. म्हणजे काय होतं? चौदाव्या वर्षी पत्र येतं. चाळिशीचा बॅरिटोन (मधल्या पट्टीचा गायक), दोन शाळकरी मुलं, घराचं कर्ज, आणि नवा संचालक म्हणतो की मला ताजे आवाज हवेत.

कोरसमधल्या माणसाला काढणं त्या मानाने फार अवघड. त्यामुळे चांगले, अगदी मुख्य भूमिका केलेले लोकही ठरवून कोरसची ऑडिशन देतात. इथे एका कोरस-जागेसाठी येणारी गर्दी बघितलीत तर 'आवाज चांगला असता तर' हे परत काढणार नाही.

आता माझं स्वतःचं. मी धंद्याने फार्मासिस्ट, पण गेली सहा वर्षं आमच्या गावच्या थिएटरच्या 'एक्स्ट्राकोर'मध्ये गाते. मोठा ऑपेरा असला की कायम कोरसला पुरवणी म्हणून आमच्यासारखे हौशी बोलावतात, प्रयोगागणिक थोडे पैसे देतात. गेल्या वेळी 'लोहेनग्रीन' होता. त्यात तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नवरानवरीला घेऊन येतानाचं गाणं आहे. तेच ते, आपल्याकडेही गोव्या-वसईच्या लग्नांत बँडवर वाजतं. ते सुरू होतं विंगेतून, प्रेक्षकांना आम्ही दिसत नसताना. अंधारात, लाकडी जिन्यावर दाटीवाटीने उभे, आणि समोर एक छोटा टीव्ही. त्यावर कंडक्टरचे हात. पहिल्या तालमीत मी हातांवर बरोब्बर गायले तर शेजारची कायम कोरसमधली बाई कानात म्हणाली, उशीर होतोय. कारण आपला आवाज पडदे ओलांडून सभागृहात पोहोचेपर्यंत वाद्यवृंद पुढे गेलेला असतो. हात दिसायच्या जरा आधी गायचं! हे ती बाई तेवीस वर्षं करत होती. मला जमायला अकरा तालमी लागल्या.

आणि तो पोशाख. कॉलरच्या आत एक पांढरी पट्टी शिवलेली, तिच्यावर आडनावं. एक खोडलेलं, त्याखाली दुसरं, तेही खोडलेलं. माझं पाचवं. शाईने लिहिलेलं, आणि स्पेलिंग चुकवलेलं.


पायपेटी

मंदाताई, कॉलरची पट्टी डोळ्यांसमोर आली. आमच्या ट्रंकांतले शेले कुणी कधी नेसले होते, ते वासावरूनच ओळखायचं.

आपल्याकडे या लोकांना शब्द फार चांगले आहेत. तमाशातला सुरत्या. शाहिराच्या मागचा झीलकरी. शाहीर दम घेतो तेव्हा "जी जी रं जी" कोण ओढतं? झीलकरी नसला तर शाहिराचा पोवाडा तिसऱ्या चौकात बसेल. पण झीलकऱ्याला झीलकरी म्हणतात, 'फक्त झीलकरी' असं मी तरी कधी ऐकलं नाही. 'फक्त' हे शहरी नाटकाने आणलं असावं.

संगीत नाटकाच्या मंडळ्या होत्या तेव्हा मागच्या माणसालाही ठाव होता. गंधर्व नाटक मंडळी (स्थापना १९१३) काय किंवा त्याआधीची किर्लोस्कर मंडळी काय, बिऱ्हाड मंडळीचं, पंगत मंडळीची. नांदीला उभा राहणारा पोरगा पुढे सखी होई, द्वारपाल होई, कधी नशिबाने नायिका. पगार बेतास बात, पण दोन वेळची भाकरी कंपनीची. त्या मंडळ्या गेल्या आणि ती व्यवस्थाही गेली. राहिली ती 'नाइट'. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही.

मराठीत कोरसला खरा मान दिला तो 'घाशीराम'ने, १९७२ साली. ओळीने उभे राहिलेले, डुलणारे, गाणारे ब्राह्मण हाच पडदा. ती भिंत फिरली की मागे जे चाललंय ते दिसतं, मिटली की झाकलं जातं. नाना आणि घाशीराम यांच्याइतकीच ती भिंत लक्षात राहते. पण त्या भिंतीतून पोट भरलं, असा माणूस मला भेटलेला नाही. सगळे दिवसा बँकेत नाहीतर शाळेत.

माझा अनुभव सांगतो, नाव घेणार नाही. एका संगीत नाटकाच्या पुनरुज्जीवनात नांदीला आणि दुसऱ्या अंकातल्या समूहगीताला मी होतो. ३१ प्रयोग. पहिल्या बाराची नाइट मिळाली, पुढच्या एकोणीसची "दौरा संपला की एकदम" मिळणार होती. दौरा संपला. शेवटच्या प्रयोगाला विंगेत निर्माते मला म्हणाले, "अहो, तुमच्याशिवाय नांदी उभीच राहत नाही." मी म्हटलं, मग नांदीचे द्या. हसले. अजून हसतच असतील.

@हडसनकाठचा, तुमच्या त्या युनियनवाल्यांना एकदा दादरला पाठवा.


सोपानदेव_मिलिंद

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)


विंगेतली_वीणा

मी शिकागोजवळच्या एका थिएटरात दोन वर्षं कपडेपटात होते, म्हणून म्युझिकलच्या बाजूचं लिहिते. तिसरी_घंटा, तुमची भाची याच बाजूची ना?

म्युझिकलमध्ये 'कोरस' हा शब्द बोलताना आता फारसा वापरत नाहीत, 'आन्साँब्ल' म्हणतात. करारात मात्र कोरस आहेच. ब्रॉडवेवर कोरसच्या कराराचा कागद गुलाबी आणि मुख्य नटांचा पांढरा, अशी जुनी पद्धत. लोक अजून "मी गुलाबीवर आहे" म्हणतात. दोघांच्या युनियनाही एके काळी वेगळ्या होत्या, १९५५ साली एक झाल्या.

आन्साँब्लमधल्या प्रत्येकाची संध्याकाळभराची वाट आखलेली असते. कुठल्या विंगेतून यायचं, कुठल्या ओळीला खालचा सूर धरायचा, खुर्ची कुणी उचलायची, टोपी कुणाच्या हातात द्यायची, चाळीस सेकंदांत कपडे कुठे बदलायचे. याला 'ट्रॅक' म्हणतात. आणि यातला कुणी आजारी पडला की उभा राहतो तो 'स्विंग'. स्विंग रोज थिएटरात हजर असतो, पण रोज रंगमंचावर नसतो. एकेक स्विंग पाच-सात जणांच्या वाटा डोक्यात घेऊन फिरतो. आमच्या रंगमंचाच्या पुढच्या काठावर आकडे रंगवलेले होते : मधोमध शून्य, मग दोन्हीकडे २, ४, ६, ८. स्विंगच्या वहीत नाच असा लिहिलेला असे : "डावे ६, पायऱ्या, उजवे २, जेनीचा हात." एक मुलगी माझ्याकडून कमरपट्ट्यात आतून खिसा शिवून घ्यायची. त्यात कार्डं. विंगेत आली की कार्ड काढून पुढची वाट बघायची, पाणी प्यायची आणि परत आत. एका शनिवारी दुपारी ती एकीच्या जागी उभी होती आणि रात्री दुसरीच्या, त्याच नाचात, आरशातल्यासारखी उलट बाजूला. एकदाही कुणाला धडकली नाही. मी मात्र तिला दुपारचेच बूट घातले होते.

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट कदाचित तुम्ही वाचली असेल. 'द म्युझिक मॅन'ची नायिका सटन फॉस्टर कोविडने घरी बसली. कॅथी व्हॉइट्को या स्विंगला दुपारी बाराला सांगितलं की आज तू नायिका. एक वाजता तिची त्या भूमिकेतली पहिलीवहिली तालीम, आणि रात्री प्रयोग. शेवटी नायक ह्यू जॅकमनने टाळ्या थांबवून तिला पुढे आणलं आणि सगळ्या स्विंगांचं कौतुक केलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. आमच्या कपडेपटात तो बघताना रडली ती मुख्य नटी नाही, आमची कार्डवाली.

आणि एक मान असा आहे की जो मोठ्या स्टारला मिळूच शकत नाही. ब्रॉडवेवर नवीन म्युझिकलच्या पहिल्या रात्री, पडदा उघडण्याआधी, सगळे रंगमंचावर गोल करून उभे राहतात. कोरसमध्ये सगळ्यात जास्त ब्रॉडवे शो केलेल्या माणसाला एक झगा घालतात. ठिगळांचा, जडशीळ. १९५० सालापासूनची रीत, आता त्याला 'लेगसी रोब' म्हणतात (जुनं नाव २०१८ साली बदललं). झगा घातलेला माणूस घड्याळाच्या उलट दिशेने तीन फेऱ्या मारतो, बाकीचे शकुन म्हणून त्याला हात लावतात, मग तो एकेका रंगपटात जाऊन येतो. प्रत्येक शो त्यावर आपलं ठिगळ शिवतो. भरला की झगा संग्रहालयात. शिवणारी म्हणून सांगते, त्या झग्याचे खांदे मला एकदा हातात घेऊन बघायचेत. तेवढं वजन कुठल्या टाक्याने धरलंय?


खवचट_खंडू

बरं, कोरसवर एक अख्खं म्युझिकल आहे ना? सोनेरी कपडेवालं?


विंगेतली_वीणा

'अ कोरस लाइन', १९७५. नर्तकांनी रात्री जागून एकमेकांना सांगितलेल्या खऱ्या गोष्टींच्या टेपांवरून उभं राहिलेलं. टेपांचे हक्क त्यांनी एकेका डॉलरला लिहून दिले होते! नंतर काही वाटा मिळाला, पण शो ६,१३७ प्रयोग चालला हे लक्षात घेता तो डॉलर विसरणं कठीण. आणि शेवट बघा : दोन तास प्रत्येकाचं नाव, गाव, आईबाप कळतात, आणि शेवटी सगळे सारख्याच सोनेरी कपड्यांत येतात, कोण कुठला ते ओळखूच येत नाही.


वाचनमात्र_वसंता

धाग्यात व्हर्दीचं नाव आलंच आहे म्हणून पहिल्यांदाच लिहितो. मिलानला त्याने वृद्ध गायक-वादकांसाठी घर बांधून ठेवलंय, 'कासा व्हर्दी'. बांधकाम त्याच्या हयातीत पुरं झालं, पण आपण जिवंत असेपर्यंत उघडायचं नाही असं सांगून ठेवलं. रोज कुणी येऊन आभार मानलेले त्याला नको होते. १९०२ साली पहिले रहिवासी आले. तेव्हा खर्चाला त्याच्या ऑपेरांची रॉयल्टी येत असे. घर आजही चालू आहे. १९०१ साली त्याचं शव तिथे हलवताना कंडक्टर तोस्कानीनीच्या हाताखाली ८०० च्या वर गायक 'नाबुक्को'तला गुलामांचा कोरस गायले होते. तो कोरस बराचसा एकाच सुरात आहे, मधे वीणेला उद्देशून ओळ येते तिथे आवाज एकदम फाकतात. ८०० जण एका सुरात आणि मग फाकताना, म्हणजे काय झालं असेल!

आपल्याकडे बालगंधर्वांचे शेवटचे दिवस कसे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या मागे उभं राहून नांदी म्हणणाऱ्यांचे कसे गेले, ते कुठेच लिहिलेलं नाही.


पायपेटी

@वाचनमात्र_वसंता, लिहीत जा हो.


तिसरी_घंटा

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

काल भाचीशी बोललो. धागा तिला पाठवला होता. मराठी बोलते झकास, वाचते अडखळत, तरी वीणाताईंच्या प्रतिसादापर्यंत पोचली. पहिलं वाक्य : "मामा, तू चुकीचं लिहिलंयस. मी आन्साँब्लमध्ये नाहीये, मी स्विंग आहे." सहा ट्रॅक आणि वर एका छोट्या भूमिकेची बदली. मी विचारलं, मग आईला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगितलं होतं. तिला वाटलं स्विंग म्हणजे झोपाळ्यावर बसायचं असतं."

मग ताईला मी हाच धागा वाचून दाखवला. २ लाखांपाशी तिने चष्मा वर केला (दौऱ्यावर एवढे नसतात, हेही मी लगेच सांगितलं). कॉलरच्या पट्टीपाशी काही बोलली नाही. पायपेटींच्या नाइटवर मात्र चिडली, म्हणाली, त्या माणसाचं नाव सांगा.

खरी अडचण पुढे आली. दौरा मे महिन्यात ताईच्या दिरांच्या गावी आहे. ताईने विचारलं, कुठल्या दिवशीची तिकिटं काढू? भाची म्हणाली, ते मला त्या दिवशी सकाळी कळेल. कुणी आजारी पडलं तर मी आत, नाहीतर मी वरच्या मजल्यावर स्पीकरवरून ऐकत बसणार. ताई म्हणाली, म्हणजे आम्ही विमानाने यायचं, तिकिटं काढायची, आणि तू दिसणारच नाहीस? तर म्हणे, दिसले तर सहापैकी कोण असेन ते पुस्तिकेतल्या चिठ्ठीवर छापलेलं असेल, ती आधी वाच, नाहीतर भलतीलाच बघत बसशील.

ताईने शुक्रवार, शनिवार दुपार, शनिवार रात्र आणि रविवार, अशी चारही प्रयोगांची तिकिटं काढली.


खवचट_खंडू

चारही? स्वस्तातली ना?


तिसरी_घंटा

मधली. स्वस्तातून चेहरा दिसत नाही म्हणाली.


हडसनकाठचा

चेहरा दिसत नाही, पण काठावरचे आकडे वरूनच नीट दिसतात. एक दिवसाचं तरी बदलून घ्या.